रात्रपाळीचं टेबल: नौदल तळावर ड्यूटी ऑपरेशन्स कंट्रोलरचं काम कसं करायचं

गावाकडे कोणी विचारलं, "नौदलात नेमकं काय करतोस रे?" तर मी सांगायचो, "फोनवर बसतो." त्यात खोटं फारसं नव्हतं. तळावरची जहाजं, हेलिकॉप्टरं, टग (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या नौका), हवामान, बंदराचं तोंड आणि किनाऱ्यावरून येणारे फोन हे सगळं रात्रीपुरतं एका टेबलापाशी येऊन थांबतं. त्या टेबलामागे बसतो तो ड्यूटी ऑपरेशन्स कंट्रोलर. हुद्द्याचं नाव तळागणिक बदलतं, कुठे ड्यूटी स्टाफ ऑफिसर म्हणतात, कुठे नुसतं 'वॉचकीपर'. काम मात्र तेच राहतं.

मी पश्चिम किनाऱ्यावर या खुर्चीत बरीच वर्षं काढली. गोपनीय असतं त्यातलं इथे काही येणार नाही. समुद्रावर माणूस अडचणीत सापडला की टेबलावर काय करायचं, एवढ्यापुरतंच लिहितो. त्याच्या पद्धती जगभर उघड आहेत, त्या शिकवल्याही जातात. लढाईच्या कामातही पाया हाच असतो.

आधी एक सवय सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वहीत प्रत्येक नोंदीपुढे मी एक अक्षर लिहायचो. 'पा' म्हणजे पाहिलं: स्वतः रडारवर, पडद्यावर किंवा आपल्या जहाजाने डोळ्यांनी. 'ऐ' म्हणजे ऐकलं: कोणीतरी सांगितलं. 'ध' म्हणजे धरलं: आपण गृहीत धरून चाललो. रात्री दोनला लिहिलेला 'ध' पहाटे पाचला कोणाच्याही नकळत 'पा' होऊन बसतो. या कामातल्या बहुतेक घोडचुका तिथेच जन्मतात.

कोणतं काम कोणाचं

नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथे होतो. २६ नोव्हेंबर २००८ला 'कुबेर' या मच्छीमार ट्रॉलरवरून आलेले दहशतवादी कफ परेडच्या मच्छीमार वस्तीशी उतरले. त्यानंतर २००९मध्ये किनारी सुरक्षेसकट एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे सोपवली गेली. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) इथे संयुक्त ऑपरेशन्स केंद्रं उभी राहिली. त्यांत नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, कस्टम्स, बंदर खातं अशी सगळी मंडळी जोडलेली असतात. देशभरच्या किनारी रडारांचं आणि जहाजांच्या हालचालींचं एकत्र चित्र २०१४पासून गुरुग्रामच्या केंद्रात तयार होतं.

पण समुद्रावरच्या शोध आणि बचावाचं समन्वयन तटरक्षक दलाकडे असतं. त्यांची सागरी बचाव समन्वय केंद्रं तीन: मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर. म्हणून नौदल तळावर 'बोट बुडतेय' असा फोन आला, तर माहिती घेऊन झाल्यावरचा आपला पहिला फोन मुंबईच्या बचाव केंद्राला. आपलं जहाज शेजारी उभं असलं तरीसुद्धा. जहाजाला तयारीचा इशारा त्याच मिनिटाला द्यायला हरकत नाही, पण एकाच बोटीमागे दोन टेबलांनी दोन वेगवेगळे शोध चालवणं धोक्याचं. सामान्य माणसासाठी तटरक्षक दलाचा निःशुल्क क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. हे दोन्ही टेबलावर मोठ्या अक्षरांत चिकटवा. घाबरलेल्या माणसाला ते सांगायची वेळ येते तेव्हा आपल्यालाच आठवत नाहीत.

पाळी हातात घेताना

निदान अर्धा तास आधी या. पहिली दहा मिनिटं काही विचारू नका, नुसती वही वाचा. आधीच्या पाळीचा माणूस थकलेला असतो. तो जे सांगेल ते त्याच्या डोक्यातलं चित्र असतं, वहीत असतं ते घडलेलं. दोन्हींत फरक पडला तर तिथे बोट ठेवून विचारा.

मी विचारायचो त्या गोष्टी अशा. कोणतं जहाज किती तासांच्या नोटिशीवर आहे? दोन तासांच्या नोटिशीवरचं जहाज म्हणजे हुकूम मिळाल्यापासून दोन तासांत दोर सोडू शकणारं. त्याचे निम्मे खलाशी घरी झोपलेले असू शकतात. टगचं काय? हेलिकॉप्टर कोणतं तयार आहे, ते रात्री उडू शकतं का? आपलं कोण समुद्रावर आहे, शेवटचं कधी बोललं, पुढे कधी बोलायचं ठरलंय? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वेळेसकट हवं. ठरलेल्या वेळी न बोललेलं जहाज ही बातमी असते. पण वेळच ठरलेली नसेल तर गप्प जहाज नुसतं गप्प राहतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग हवामान. मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा ताजा अंदाज, आणि बंदरावर कोणता बावटा (वादळाच्या इशाऱ्याची खूण) लागलाय ते. 'तीन नंबरचा बावटा' म्हटलं की हर्णैच्या जेटीवरचं पोरही समजतं, कंट्रोलरला तो पाळी सुरू व्हायच्या आधी माहीत हवा.

भरती-ओहोटीचं छापील कोष्टक टेबलावर असतंच. तरी कोकणातला जुना हिशोब डोक्यात असू द्या: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मुंबईच्या बंदरात हा हिशोब तास-अर्ध्या तासाच्या फरकाने जुळतो. जहाज हलवायला तो वापरायचा नाही, पण कोष्टकाचं चुकीचं पान उघडलंय हे मला त्यानेच एकदा दाखवलं. उधाणाच्या दिवशी मुंबईत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. उथळ खाडीतून निघणाऱ्या लहान नौकेला ओहोटीला पाणी पुरेल का, हा प्रश्न रात्री अकरालाच सोडवून ठेवा.

घड्याळं दोन: एक भारतीय वेळेचं, एक जागतिक वेळेचं. फरक साडेपाच तासांचा. हे 'साडे' फार त्रास देतं. परदेशी व्यापारी जहाज जागतिक वेळ सांगतं आणि आपण घाईत पाच तास मिळवून मोकळे होतो. नोंदीत वेळेपुढे कोणती वेळ ते लिहायचंच. मध्यरात्रीच्या आसपास तर तारीखही बदलते.

फोन आला

आता सरावासाठी एक प्रसंग धरू. मे महिन्याचा शेवट, मासेमारी बंद व्हायला दोन-चार दिवस उरलेत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांना बोटी लांब जातात. रात्री २ वाजून १० मिनिटांनी फोन येतो. आवाज तुटतोय, मागे वारा आहे. "साहेब, इंजिन बंद पडलंय. पाणी पण येतंय."

पहिला प्रश्न 'काय झालं' हा नाही. पहिला प्रश्न 'कुठे आहात', आणि लगेच 'हाच नंबर का, दुसरा कोणाचा आहे?' फोन पुढच्या क्षणी तुटेल असं धरूनच बोलायचं. जागा आणि नंबर हाती असेल तर बाकीचं नंतर मिळवता येतं. तिसरा प्रश्न, किती जण. चौथा, पाणी किती वेगाने चढतंय, पंप चालतोय का. बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक त्यानंतर. लाइफ जॅकेटं घालायला सांगा, विचारत बसू नका. "घातलीत का?" असं विचारलं की उत्तर 'हो' येतं. "दादा, आधी सगळ्यांना जॅकेट घालायला लावा, मी फोनवर थांबलोय," असं सांगितलं की मागून झाकण उघडल्याचा आवाज येतो.

तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, वयाने मोठा असतो, बहुतेकदा आपल्यापेक्षा जास्त समुद्र पाहिलेला. त्याच्याशी दरडावून बोलणारे कंट्रोलर मी पाहिलेत. त्यांना अर्धीच माहिती मिळते.

जागेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण शोध इथेच जिंकला किंवा हरला जातो. बोटीवर जीपीएस असेल तर तो आकडे वाचून दाखवेल. समजा तो म्हणाला, "अठरा, तीस." हे १८ अंश ३० मिनिटं की १८.३० अंश? १८.३० अंश म्हणजे १८ अंश १८ मिनिटं. दोन्हींत १२ मिनिटांचा फरक, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. म्हणजे नुसत्या एका टिंबापायी आपण सव्वाबावीस किलोमीटर चुकीच्या जागी जहाज पाठवू. म्हणून विचारा, "पडद्यावर टिंब कुठे आहे? त्याच्या आधी किती आकडे, नंतर किती?" दशांशानंतर तीन आकडे दिसत असतील तर ती अंश-मिनिटांची मांडणी असण्याचा संभव जास्त, तरी खात्री करूनच घ्या.

आणि आकडे सुटे वाचायला लावा. मराठीत ही फार मोठी भानगड आहे. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' तुटक आवाजात सारखेच ऐकू येतात, 'साठ' आणि 'सात' तर विचारूच नका. 'सहा-नऊ' असं म्हणायला सांगायचं, मग आपण परत वाचून दाखवायचं आणि 'बरोबर' हा शब्द त्याच्या तोंडून घ्यायचा. वायरलेसवर इंग्रजीत नाइनला 'नाइनर' म्हणतात तेही याच कारणासाठी. 'अडीच तास झाले' हे अमराठी सहकाऱ्याला पुढे सांगताना वेळेच्या आकड्यात सांगा. 'अडीच' ऐकून साडेतीन लिहिलेलं मी पाहिलंय.

जीपीएस नसेल किंवा बंद असेल तर? मग तांडेल त्याच्या भाषेत सांगतो: "हर्णैवरून पाच तास बाहेर, पाणी वीस वाव." पुष्कळ शिकलेले अधिकारी इथे कपाळाला हात लावतात. प्रत्यक्षात हे उत्तम उत्तर आहे. बोटीचा वेग सहा-सात सागरी मैल धरला, तर पाच तास म्हणजे तीस ते पस्तीस मैल. एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट, त्यामुळे वीस वाव म्हणजे साडेछत्तीस मीटर खोली. नकाशावर हर्णैवरून तीस आणि पस्तीस मैलांचे कंस काढा, त्या खोलीची रेघ कंसांना कुठे छेदते ते बघा. दोन्ही जुळत नसतील तर खोलीवर जास्त विश्वास ठेवा, कारण जाळं टाकणारा माणूस पाण्याची खोली चुकत नाही. किती तास झाले ते मात्र चुकतो. शिवाय कोणत्या दिशेला निघाले ते विचारा. 'सरळ बाहेर' म्हणजे त्याच्या लेखी पश्चिम, पण खात्री करा.

ही जागा वहीत 'ऐ' म्हणून जाते. कंस काढून आपण ठरवलेला बिंदू 'ध'.

फोनशिवाय येणाऱ्या खबरा

व्हीएचएफ, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या वायरलेसचा, चॅनल १६ (१५६.८ मेगाहर्ट्झ) हा समुद्राचा चव्हाटा. त्यावर कान कायम उघडा हवा. त्याचा पल्ला अँटेनाच्या उंचीवर ठरतो. ढोबळ सूत्र असं: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, बेरीज करा, २.२२ने गुणा, उत्तर सागरी मैलांत येतं. किनाऱ्यावरचा मनोरा १०० मीटर आणि बोटीची काठी ४ मीटर असेल तर १० अधिक २ बारा, गुणिले २.२२, साधारण साडेसव्वीस मैल. आपली तीस-पस्तीस मैलांवरची बोट म्हणूनच वायरलेसवर ऐकू येत नाही. ती गप्प आहे याचा अर्थ बुडाली असा नाही.

मोठ्या जहाजांवर ४०६ मेगाहर्ट्झचे बीकन, म्हणजे संकटाचा संदेश सोडणारी छोटी यंत्रं, असतात. ते पेटले की उपग्रहामार्फत खबर इस्रोच्या बंगळुरूच्या केंद्रात आणि तिथून बचाव केंद्राला जाते. मच्छीमार बोटींसाठी इस्रोने वेगळं संकटसूचक यंत्र बनवलंय. त्याच्या नव्या पिढीच्या यंत्रात 'तुमचा संदेश मिळाला' असं बोटीला उलट कळवायची सोय आहे. ही सोय क्षुल्लक वाटते, पण संदेश पोचला की नाही या विवंचनेतला माणूस वेडंवाकडं काहीही करतो.

बीकनच्या बहुसंख्य खबरा खोट्या निघतात. कोणी धुताना चुकून चालू केला, कोणी भंगारात टाकला. तरी प्रत्येक खबर खरी धरूनच सुरुवात करायची. बीकनच्या नोंदणीतल्या नंबरवर मालकाला फोन करायचा, बंदरात विचारायचं, आणि 'खोटी आहे' हे 'पा' झाल्याशिवाय थांबायचं नाही.

पहिली दहा मिनिटं

बचावाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्रसंगाच्या तीन पायऱ्या आहेत: अनिश्चितता, सावधानता आणि संकट. बोट ठरल्या वेळी परतली नाही, ही अनिश्चितता. चौकशी करूनही पत्ता लागत नाही, ही सावधानता. माणसांच्या जिवाला नक्की धोका आहे, ते संकट. आपल्या प्रसंगात पाणी चढतंय, तेव्हा थेट तिसरी पायरी. शंका असेल तर वरची पायरी धरा. खाली उतरायला नंतर काही लागत नाही.

आता फोन. बचाव केंद्र, आपले वरिष्ठ, तयारीवरचं जहाज, याच क्रमाने. वरिष्ठांना उठवताना पुष्कळजण कचरतात. रात्री अडीचला झोपमोड झाली म्हणून कोणी चिडला तर चिडू दे. सकाळी सातला कळलं म्हणून चिडला तर मात्र तुमची बाजू लंगडी. उठवल्यावर गोष्ट सांगत बसू नका. काय झालं, कुठे, किती माणसं, मी आत्तापर्यंत काय केलं, तुमच्याकडून कशाची परवानगी हवी, एवढं पाऊण मिनिटात आटपा.

नवखे सगळ्यात जास्त विसरतात ती गोष्ट म्हणजे शेजारची बोट. सर्वांत जवळची मदत बहुधा राखाडी रंगाची, म्हणजे नौदलाची, नसते, ती त्याच गावची दुसरी बोट असते. मच्छीमार सहकारी संस्थेच्या अध्यक्षांचा नंबर टेबलावर असलाच पाहिजे. त्यांच्या एका फोनवर तीन बोटी वळतात. एआयएसच्या (जहाजं स्वतःची ओळख आणि जागा वायरलेसने कळवतात ती यंत्रणा) पडद्यावर जवळपास व्यापारी जहाज दिसत असेल तर बचाव केंद्र त्याला वळवू शकतं. संकटातल्या माणसाच्या मदतीला जाणं त्या जहाजाच्या कप्तानावर आंतरराष्ट्रीय कायद्याने बंधनकारक आहे.

बोट आत्ता कुठे असेल

इंजिन रात्री दहाला बंद पडलं, आपलं जहाज पोचणार सकाळी सहाला. म्हणजे आठ तास बोट वाहत राहणार. जहाज जुन्या बिंदूवर पाठवलं तर तिथे नुसतं पाणी सापडेल.

वाहण्याचे भाग दोन. प्रवाह बोटीला नेतो, आणि वारा तिच्या अंगाला ढकलतो. मच्छीमार बोट वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन ते सहा टक्क्यांनी सरकते. आपण चार धरू. वारा २० नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) असेल तर सरक ०.८ नॉट. आता खाचखळगा. वारा ज्या दिशेकडून येतो तिचं नाव घेतो, प्रवाह ज्या दिशेला जातो तिचं. नैर्ऋत्येचा वारा बोटीला ईशान्येकडे ढकलतो. दक्षिणेचा प्रवाह मात्र दक्षिणेकडेच नेतो. हे उलटसुलट करणारा मी एकटाच नव्हतो, पण पहिल्या वर्षी मीही केलं होतं.

समजा वारा नैर्ऋत्येकडून २० नॉट, प्रवाह दक्षिणेकडे अर्धा नॉट. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे, त्यामुळे मेअखेर हे धरणं वाजवी. ईशान्येचे ०.८ म्हणजे पूर्वेकडे ०.५७ आणि उत्तरेकडे ०.५७. उत्तरेच्या ०.५७मधून दक्षिणेचे ०.५ गेले, उरले ०.०७. आठ तासांत बोट पूर्वेकडे साडेचार मैल आणि उत्तरेकडे जेमतेम अर्धा मैल. म्हणजे ती किनाऱ्याकडे येतेय. सहा माणसं आणि गळकी बोट असताना ही जरा बरी बातमी.

हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचं 'सारट' नावाचं साधन हा हिशोब संगणकावर कितीतरी चांगला करतं. हरवलेल्या वस्तूचा प्रकार, शेवटची जागा आणि वेळ दिली की संभाव्य क्षेत्र नकाशावर रंगवून देतं. ते वापराच. पण हाताने एकदा करून बघा, म्हणजे संगणकात वेळ चुकीची भरली गेली तर उत्तर विचित्र दिसेल आणि तुमच्या ते लक्षात येईल.

आता या बिंदूभोवती किती पसरायचं? तांडेलाच्या जागेत पाच मैलांची चूक धरू. आपल्या जहाजाच्या जागेत एक मैल. वाहण्याच्या अंदाजात तीस टक्के, म्हणजे सुमारे १.४ मैल. तिन्हींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: सुमारे ५.३. पहिल्या शोधाला त्यात दहा टक्के वाढवतात, म्हणजे साधारण सहा मैल. बिंदूभोवती १२ बाय १२ मैलांचा चौकोन, १४४ चौरस मैल.

जहाज १२ नॉटने, तीन-तीन मैलांच्या पट्ट्यांत फिरलं तर तासाला ३६ चौरस मैल, चार तास लागतील. विमान १२० नॉटने, तेवढ्याच पट्ट्यांत गेलं तर २४ मिनिटं. हे आकडे समोर आले की वरिष्ठांकडे विमान मागताना आवाज आपोआप ठाम होतो. तीन मैलांच्या पट्ट्या दृश्यमानता चांगली असतानाच्या आहेत. पावसात त्या एक मैलाच्या होतात आणि वेळ तिप्पट.

हेलिकॉप्टरचा हिशोब वेगळा. समजा त्यात तीन तासांचं इंधन आहे. जायला ४० मिनिटं, यायला ४०, राखीव ३०. शोधाला उरले ७० मिनिटं. दिवसाच शोध घेऊ शकणारं हेलिकॉप्टर उजाडताना जागेवर असायला हवं, उजाडल्यावर तळावरून निघायला नको. म्हणून उजाडण्याच्या वेळेतून ४० मिनिटं आणि वैमानिकांच्या तयारीचा वेळ वजा करा. त्यांना उठवण्याची खरी वेळ ती. बहुतेकदा ती 'आत्ताच' निघते.

मधली पाळी

जहाज निघालं, फोन झाले, आणि आता तीन वाजलेत. काहीच घडत नाही. कंट्रोलरची परीक्षा इथे असते. मध्यरात्र ते पहाटे चार ही मधली पाळी शरीराला मान्य नसते. चहा घ्या, पण पोटभर खाऊ नका. दर अर्ध्या तासाला उभं राहून नकाशा नव्याने बघा. काही घडलं नाही तरी तासाला एक नोंद करा: 'बदल नाही, जहाज अमुक ठिकाणी, वारा तमुक.' नंतर कोणी विचारलं की सव्वातीन ते सव्वापाच काय चाललं होतं, तर वहीतलं कोरं पान तुमच्याविरुद्ध बोलतं. चुकलेली नोंद एका रेघेने खोडा, बाजूला सही करा. खोडरबर आणि पांढरी शाई या खोलीत येऊच देऊ नका.

याच वेळी आपले 'ध' तपासा. बोट अजून तरंगतेय, हे 'ध'. माणसं सहा, हे 'ऐ'. खरंच सहा का? माणसांचा आकडा हा समुद्रावरचा सर्वांत बेभरवशाचा आकडा. १८ डिसेंबर २०२४ला मुंबई बंदरात नौदलाच्या वेगवान नौकेची आणि घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीची टक्कर झाली. तिच्यावर शंभराहून अधिक माणसं होती. अशा वेळी वाचलेले वेगवेगळ्या नौकांवरून वेगवेगळ्या धक्क्यांवर आणि रुग्णालयांत पोचतात, कोणी दोनदा मोजला जातो, कोणी एकदाही नाही. यावर उपाय एकच: आकडा नाही, नावं लिहा. बोटीच्या मालकाकडून, घरून, संस्थेकडून नावांची यादी मिळवा आणि सापडेल तसा एकेका नावावर टिक करा.

घरचे फोन करतात. थेट तुमच्या टेबलावर, कुठून नंबर मिळवतात देव जाणे. "भाऊ, आमचे हे त्या बोटीवर आहेत." त्या बाईला खोटा धीर देऊ नका आणि अंदाजही सांगू नका. "ताई, जहाज निघालंय, सहाच्या सुमारास पोचेल. तुमचा नंबर लिहून घेतो, काही कळलं की फोन येईल." मग तो खरोखर करायचा किंवा करायला लावायचा. बातम्यांवाल्यांचा फोन मात्र जनसंपर्क अधिकाऱ्याकडे. मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळही नाही. तुमचा मोबाइल तर खोलीच्या बाहेरच्या कप्प्यात असतो.

वादळाची रात्र

एका बोटीचा हिशोब जमला की माणसाला वाटतं, जमलं. मग वादळ येतं आणि एका वेळी चार प्रसंग टेबलावर पडतात. मे २०२१मधलं तौक्ते आठवा. मुंबईपासून दूर हिरा तेलक्षेत्राच्या परिसरात पी-३०५ या बार्जचे (कामगारांना राहायची सपाट तळाची नौका) नांगर सुटले आणि २६१ माणसं घेऊन ती वाहत गेली. १७ मेला ती बुडाली. आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता भर वादळात तिथे गेल्या. रात्रीच्या अंधारात, उसळत्या पाण्यातून माणसं वर ओढली गेली. बार्जवरची १८६ माणसं वाचली. त्याच वादळात दुसऱ्या बार्जही वाहत होत्या.

अशा रात्रीसाठी टेबलावरचा नियम साधा आहे: प्रत्येक प्रसंगाला वेगळी वही, वेगळा माणूस. एकाच वहीत चार बोटींच्या नोंदी घातल्या की तासाभरात एकीची जागा दुसरीला चिकटते. माणूस कमी असेल तर फोनवरच्याला निर्णय घेऊ देऊ नका आणि निर्णय घेणाऱ्याला फोन देऊ नका. आणि वाहणाऱ्या बार्जची जागा दर वेळी वेळेसकट लिहा. वेळ नसलेली जागा म्हणजे गेल्या वर्षीचं कॅलेंडर.

अरबी समुद्राचं पाणी मे महिन्यात कोमट असतं. त्यात जॅकेट घातलेला माणूस पुष्कळ तास टिकतो. म्हणून शोध थांबवायची घाई टेबलावरून कधीही सुचवू नका. तो निर्णय वरचा आणि बचाव केंद्राचा. आपण फक्त हवामान, झालेलं क्षेत्र आणि उरलेलं क्षेत्र स्वच्छ मांडून द्यायचं.

या खुर्चीपर्यंत कसं पोचायचं

थेट भरती नसते. नौदलात किंवा तटरक्षक दलात शिरून, समुद्रावर काही वर्षं काढून, रडार, दळणवळण किंवा जहाजचालनाच्या बाजूने माणूस इथे येतो. नौदलाच्या खलाशांचं सुरुवातीचं प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्काला, अधिकाऱ्यांचं केरळात एळिमलाच्या अकादमीत. नागरी बाजूला बंदरांच्या वाहतूक नियंत्रण केंद्रांत याच जातीचं काम असतं. वायरलेसचा जीएमडीएसएस (समुद्रावरच्या संकट-संदेशांची जागतिक यंत्रणा) परवाना तिथे उपयोगी पडतो. पण खरं सांगायचं तर या खुर्चीत मला सर्वांत लवकर तयार झालेली पोरं आठवतात ती दाभोळ-हर्णैकडची. नकाशा त्यांना नंतर शिकवावा लागला, समुद्र नाही.

पाळी सोपवताना

सकाळी आठला पुढचा माणूस येतो. त्याच्यासमोर वही उघडा आणि तीन रकाने वाचून दाखवा: काय पाहिलं, काय ऐकलं, काय धरलं. आपल्या प्रसंगात समजा सव्वासातला हेलिकॉप्टरने तरंगते डबे पाहिलेत, बोट नाही. मग सांगायचं: डबे, 'पा', अमुक जागा, अमुक वेळ. ते त्याच बोटीचे आहेत, 'ध'. गावची एक बोट आत निघालीय आणि कोणालातरी ओढत आणतेय असं संस्थेने सांगितलं, 'ऐ', अजून खात्री नाही. आठ वाजून दहाला परत फोन करायचाय. कोण करणार, त्याचं नाव लिहा. ताईंचा नंबर वहीच्या मागच्या पानावर आहे, तोही दाखवा.

मग सही करा, वेळ लिहा, मोबाइल घ्या आणि निघा. घरून ऑप्स रूमला फोन करून 'सापडले का?' विचारायचा मोह होईल. करू नका. ती लाइन आता दुसऱ्या कोणाला तरी लागेल.